रुसलेले बोट

गेल्या वर्षीची गोष्ट. मराठीच्या पेपरला बसून जेमतेम पाऊण तास झाला असेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्यावर आले आणि माझ्या उजव्या हाताने एकाएकी असहकार पुकारला. तर्जनी पेनवर इतकी रुतली की तिचे पेर पांढरे पडले. अंगठा आत वळला, मनगट वाकडे झाले आणि अक्षर ओळ सोडून भरकटू लागले. पेन खाली ठेवले की हात मोकळा, उचलले की पुन्हा तेच. येत असलेली तीन उत्तरे कोरी ठेवून मी वर्गाबाहेर आले.

घरी कोणाला ते पटेना. पटणार तरी कसे? त्याच संध्याकाळी मी त्याच हाताने दहा भाकऱ्या थापल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दारात ठिपक्यांची रांगोळीही घातली, रेघ कुठे हलली नाही. जो हात चिमटीतून रांगोळी सोडतो त्याला पेनच तेवढे जड कसे होते? आईने दृष्ट काढली. दादाचे मत पडले की लिहिण्याची सवय मोडली आहे, रोज दहा पाने लिहून काढ म्हणजे हात सुटेल. मलाही ते खरे वाटले. महिनाभर मी दात-ओठ खाऊन रोज दहा पाने लिहिली. महिन्याच्या शेवटी माझ्याकडून साधी सहीसुद्धा होईना.

शेवटी जिल्ह्याच्या गावी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी हात तपासला, मला लिहायला लावले आणि दहा पानांची हकीकत ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी एका जर्मन संगीतकाराचे नाव सांगितले. त्यानेही असाच हट्ट केला होता, म्हणाल्या, त्याचे चरित्र मिळाले तर वाच. त्या संगीतकाराचे नाव रॉबर्ट शूमान. पाश्चात्त्य संगीतातले मला काही कळत नव्हते आणि आजही फारसे कळत नाही. पण ग्रंथालयात बसून मी त्याचे आयुष्य वाचत गेले, आणि एका परक्या माणसाच्या हातात मला माझा हात दिसू लागला. तेच येथे सांगायचे आहे.

शूमानचा जन्म ८ जून १८१० रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, त्स्विकाऊ या गावी झाला. पाच भावंडांत तो धाकटा. वडील ऑगस्ट शूमान पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. इंग्रज कवी बायरनच्या काव्याचा त्यांनी जर्मनमध्ये अनुवादही केला होता. पुस्तकांच्या गराड्यात वाढलेल्या या मुलाला लहानपणापासून दोन वेडे होती, एक साहित्याचे आणि दुसरे पियानोचे. आपण कवी होणार की संगीतकार, हे त्याचे त्यालाच ठरवता येत नव्हते. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्यावर एकामागून एक आघात झाले. १८२५ साली बहीण एमिली वारली आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. विधवा आईला मुलाच्या पोटापाण्याची काळजी. तिच्या इच्छेखातर १८२८ मध्ये तो कायदा शिकण्यासाठी लाइपझिगला गेला. आपल्यापैकी किती जण घरच्यांच्या इच्छेखातर भलत्याच शाखेला जातात, ते मी सांगायला नको!

कायद्याच्या तासांना त्याचे मन कधी लागलेच नाही. लाइपझिगमध्ये फ्रीडरिश व्हीक नावाचे नामांकित पियानोशिक्षक होते. शूमान त्यांच्याकडे शिकू लागला. व्हीक यांची मुलगी क्लारा तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती, पण पियानोवर तिचा हात असा चालत असे की मोठमोठे चकित होत. पुढे तो हायडेलबर्गच्या विद्यापीठात गेला. १८३० च्या ईस्टरच्या सुमारास त्याने फ्रांकफुर्ट येथे व्हायोलिनवादक पागानिनीची मैफल ऐकली आणि त्याचा निश्चय झाला. माणसाची बोटे काय करू शकतात, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. त्या उन्हाळ्यात त्याने आईला पत्र लिहून कायदा सोडण्याची परवानगी मागितली. आईने व्हीक यांचा सल्ला विचारला. व्हीक यांनी कळवले की मुलगा शिस्तीने राहील तर तीन वर्षांत आपण त्याला आघाडीचा पियानोवादक करू. १८३० च्या शरद ऋतूत शूमान लाइपझिगला परतला आणि गुरूच्याच घरी राहू लागला.

वीस वर्षे हे वय पियानोवादकाच्या दृष्टीने उशिराचे. लहानगी क्लारा त्याच्या पुढे होती. गेलेला वेळ भरून काढण्याची त्याला विलक्षण घाई झाली. त्यातच १८३१ च्या सप्टेंबरात व्हीक क्लाराला घेऊन मैफलींच्या दौऱ्यावर निघाले आणि कित्येक महिने पॅरिसपर्यंत फिरत राहिले. मागे शूमान एकटाच. चुकते आहे, थांब, असे सांगणारे जवळ कोणी नाही. तासन् तास तो बोटांचे व्यायाम करीत बसे.

उजव्या हाताच्या मधल्या बोटाची कुरबुर त्याला हायडेलबर्गपासूनच जाणवत होती. आता ते बोट त्याचे ऐकेनासे झाले. वाजवायला बसले की ते आपोआप वळे, आखडे, हवे तेव्हा उठत नसे. यावर त्याने काय केले? अधिक सराव केला. तेवढ्याने भागेना, तेव्हा बोटांना वळण लावणारे एक यांत्रिक साधन वापरून पाहिले. त्या काळी युरोपात पियानोवादकांसाठी अशी निरनिराळी यंत्रे निघाली होती. हट्टी बोटाला बांधून वठणीवर आणावे, असा तो विचार. १८३२ च्या उन्हाळ्यात त्याच्या रोजनिशीत नोंद पडली की मधले बोट पूर्ण ताठरले आहे.

हे वाचताना मला माझी दहा पाने आठवली आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले.

मग उपचारांचे पर्व सुरू झाले. एका डॉक्टरने प्राण्यांचे स्नान सांगितले. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या ऊन आतड्यांत आणि रक्तात हात बुडवून ठेवायचा, अशी ती किळसवाणी पद्धत होती. वनस्पतींचे लेप झाले, ब्रँडीने चोळून झाले, विजेचे झटके झाले, होमिओपॅथीच्या पुड्या आणि पथ्यही झाले. गुण कशाचाच आला नाही. येणार कसा? सगळे वैद्य बोटावर औषध करीत होते आणि बोटात दोष नव्हताच, असे आज अनेक अभ्यासकांना वाटते.

शूमानच्या हाताला नेमके काय झाले होते यावर पुष्कळ वाद झाले आहेत. कोणी त्या यंत्राला दोष देतात, कोणी पाऱ्याच्या औषधाला. पण गेल्या काही दशकांत मज्जाशास्त्राचे अनेक जाणकार म्हणू लागले आहेत की हा वादकांचा पेटका, म्हणजे फोकल डिस्टोनिया असावा. माझ्या हाताला झालेला लिहिण्याचा पेटका हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघांची खूण एकच. ठरावीक कामापुरताच हात रुसतो, इतर कामांना तो खुशाल हजर असतो. शूमानचे बोट पियानोवर आखडे, पण त्याच हाताने त्याने आयुष्यभर पत्रे, रोजनिशी, लेख आणि स्वरलेखनाचे ढीग लिहिले. त्याचे अक्षर वाईट होते, पण लेखणी थांबली नाही. माझे उलट आहे. माझी रांगोळी चालते, पेन चालत नाही.

हा आजार काही नवा नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत कारकून आणि लेखनिक यांच्या हाताच्या दुखण्याचे वर्णन आहे. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात असा निकामी झाला की तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि काही काळाने डाव्यालाही तेच झाले. १८३० साली, म्हणजे शूमान व्हीक यांच्या घरी राहायला गेला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये चार्ल्स बेल यांनीही या पेटक्याचे वर्णन केले. मात्र पुढे दीर्घकाळ याला मनाचा दुबळेपणा समजण्यात आले. १९८२ मध्ये शीही आणि मार्सडेन या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की हे मनाचे सोंग नव्हे, हालचालींचे नियंत्रण बिघडल्याचा हा शरीराचा विकार आहे. दादाला मी हे वर्ष मुद्दाम सांगितले!

बाईंनी मला हे शेताच्या भाषेत समजावले. मेंदूत प्रत्येक बोटाचा जणू स्वतंत्र वाफा असतो. एकच बारीक हालचाल घाईने, जोर लावून, दमल्यावरही करीत राहिले तर काही जणांच्या बाबतीत या वाफ्यांचे बांध फुटतात आणि एकाचे पाणी दुसऱ्यात शिरते. मग एक बोट हलवायला जावे तर तिन्ही एकदम आवळतात. १९९६ मध्ये अमेरिकेत नॅन्सी बिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना हाताची एकच पकड पुन्हा पुन्हा करायला लावली, तेव्हा त्यांच्या मेंदूतील हाताचा नकाशा खरोखरच धूसर झालेला आढळला. म्हणून जोर लावून सराव करणे म्हणजे फुटलेल्या बांधावर आणखी पाणी सोडणे. बांध पुन्हा घालायचा तर आधी पाणी थांबवावे लागते.

यावर आज जी पुनर्वसनाची चिकित्सा आहे तिचा गाभा हाच आहे. चुकीची हालचाल काही काळ पूर्ण बंद करायची, मग स्पर्शाची ओळख नव्याने करून द्यायची, आणि नंतर तीच क्रिया वेगळ्या मार्गाने, अगदी हळू शिकायची. १९९९ च्या सुमारास जर्मनीत काही वादकांची इतर बोटे पट्टीने स्थिर ठेवून रुसलेल्या बोटाला रोज सावकाश, स्वतंत्र वळण देण्यात आले आणि त्यांना त्याचा लाभ झाला. गंमत पाहा, शूमाननेही बोट बांधलेच होते. पण त्याने ते सक्तीसाठी बांधले, आणि येथे शिकवण्यासाठी बांधतात. अमेरिकेत लिहिण्याचा पेटका असलेल्यांना अंधांची ब्रेल लिपी बोटांनी वाचायला शिकवून पाहिले, त्याचाही काहींना उपयोग झाला. काही रुग्णांना स्नायू सैल करणारे बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. एवढे मात्र खरे की यातले काहीच रामबाण नाही आणि सगळ्यांनाच सारखा गुण येत नाही.

माझ्या बाबतीत बाईंनी पहिले सहा आठवडे पेन हातात धरायला बंदी केली. त्या सत्राची परीक्षा मी परवानगी काढून लेखनिकाच्या मदतीने दिली. ज्या दिवशी त्यांना कळले की मला रांगोळी घालता येते, त्या दिवशी त्या हसल्या आणि म्हणाल्या की तुझे औषध तुझ्या अंगणातच आहे. मग माझी शाळा पुन्हा सुरू झाली. सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने वीतभर उंचीचा अ काढायचा. मनगट न वळवता, खांद्यापासून हात हलवून. घाई नाही, जोर नाही. हाताला ताण जाणवला की तेथेच थांबायचे. डोळे मिटून पिशवीतल्या वस्तू बोटांनी ओळखायच्या, तांदूळ कोणते आणि साबुदाणा कोणता ते सांगायचे. त्यानंतर फळ्यावर खडूने मोठी अक्षरे. त्यानंतर चिंधी गुंडाळून जाड केलेले पेन, तेही तर्जनी आणि मधले बोट यांच्या बेचक्यात धरून, म्हणजे जुनी पकड हाताला आठवू नये. पहिल्या दिवशी दोन ओळी, आठवड्याने तीन. ज्या मुलीने महिन्यात तीनशे पाने लिहून काढली तिला तीन ओळींवर थांबायला सांगणे ही शिक्षाच वाटे. पण थांबायला शिकणे हाच त्या अभ्यासातला सर्वांत अवघड धडा होता.

शूमानला हे सांगणारे कोणी नव्हते. १८३२ च्या अखेरीस त्याने मनाशी मान्य केले की हा हात आता बरा होत नाही. आईला त्याने कळवले की आपण चेलो हे वाद्य पुन्हा हाती घेऊ, त्याला डावा हात पुरतो आणि सिम्फनी रचायला त्याचा उपयोग होईल. बावीस वर्षांच्या मुलाने केलेली ही तडजोड वाचून माझा घसा दाटून आला. पुढचे वर्षही कठीण गेले. १८३३ मध्ये त्याचा भाऊ आणि वहिनी वारली आणि तो निराशेच्या खाईत गेला.

पण ज्या वाटेवर बोट लागत होते ती सोडून त्याने दुसरी धरली. संगीतरचना तो आधीपासून करीत होताच, त्याच्या पहिल्या रचना १८३१ मध्ये प्रसिद्ध झाल्या होत्या. त्याच वर्षी त्याने शोपँ या तरुण संगीतकाराची ओळख करून देणारा लेख लिहिला. ३ एप्रिल १८३४ रोजी त्याने मित्रांसह लाइपझिगमध्ये संगीताचे एक नियतकालिक सुरू केले आणि पुढे दहा वर्षे त्याचे संपादन केले. लहानपणीचा लेखक आणि संगीतकार यांचे भांडण असे मिटले. पियानोसाठी तर त्याने एकाहून एक सरस रचना केल्या. कार्नाव्हाल १८३५ ची, बालपणीची दृश्ये ही मालिका १८३८ ची. त्याला स्वतःला हव्या तशा वाजवता न येणाऱ्या या रचना वाजवणारे हात त्याच्या जवळच होते, ते क्लाराचे. व्हीक यांचा या विवाहाला कडाडून विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर १२ सप्टेंबर १८४० रोजी, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे लग्न झाले. त्या एका वर्षात त्याने शंभराहून अधिक गीते रचली. १८४१ मध्ये त्याची पहिली सिम्फनी मेंडेल्सझोनच्या दिग्दर्शनाखाली सादर झाली. त्याची पियानो कॉन्चेर्टो १८४५ मध्ये क्लारानेच प्रथम वाजवली. पुढे १८७० च्या दशकात क्लारालाही हाताच्या दुखण्याने काही काळ मैफली सोडाव्या लागल्या, पण विश्रांती आणि उपचार घेऊन ती पुन्हा वाजवू लागली.

१८४८ मध्ये त्याने मुलांसाठी पियानोच्या सोप्या रचनांचा संग्रह केला आणि तरुण संगीतकारांसाठी काही उपदेशपर सूत्रे लिहिली. त्यांत त्याने सांगितले आहे की केवळ यांत्रिक व्यायामाने सारे साधेल असे मानणे म्हणजे मुळाक्षरे रोज अधिकाधिक वेगाने म्हणत सुटणे होय. वेळ त्याहून चांगल्या गोष्टीत घालवावा. हे सूत्र वाचताना मला त्याचे १८३२ सालचे ताठरलेले बोट दिसते. ज्याने स्वतः किंमत मोजली त्याचा हा उपदेश आहे.

त्याचा शेवट मात्र दुःखद झाला. हाताच्या दुखण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही, मनाचा आजार हा त्याच्या आयुष्यातला वेगळा अंधार होता. १८५० मध्ये तो ड्युसेलडॉर्फला संगीत दिग्दर्शक म्हणून गेला. तेथे १८५३ मध्ये ब्राम्स नावाचा वीस वर्षांचा तरुण त्याला भेटला आणि त्याची थोरवी शूमानने लेख लिहून जगाला सांगितली. फेब्रुवारी १८५४ मध्ये भ्रमिष्ट अवस्थेत त्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला वाचवण्यात आले, आणि नंतर त्याच्याच इच्छेने बॉनजवळच्या एंडेनिख येथील रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथेच २९ जुलै १८५६ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो वारला. त्यानंतर कित्येक वर्षे क्लारा युरोपभर त्याच्या रचना वाजवीत राहिली.

शूमानचे बोट रुसले म्हणून तो थोर संगीतकार झाला, असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण ते खरे नव्हे. संगीत त्याच्यात आधीच होते. बोटाच्या दुखण्याने त्याला दिले ते फक्त दुःख. ते दुःख उराशी धरून त्याने आतले संगीत बाहेर येण्यासाठी दुसरी वाट काढली, एवढेच. आणि त्याची चूकही तितकीच शिकण्यासारखी आहे. ऐकत नसलेल्या हाताला शिक्षा करून तो ऐकू लागत नाही.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, परीक्षेत तीन तास लिहून आपल्या सगळ्यांचेच हात भरून येतात, ते विश्रांतीने बरे होतात, त्याची धास्ती नको. पण हात दुखत नसतानाही फक्त पेन धरल्यावर बोटे वळू लागली, तर दहा पाने लिहीत बसू नका. हात जाणकाराला दाखवा. आणि प्राध्यापकांना एक नम्र विनंती, कोरी सोडलेली उत्तरपत्रिका दिसली तर एकदा त्या विद्यार्थ्याचा हातही पाहावा.

माझा हात पूर्ण बरा झालेला नाही. घाई केली की तर्जनी अजून रुतते. हा लेख मी रोज अर्धे पान याप्रमाणे जाड पेनाने लिहिला, दोन ठिकाणी धाकट्या बहिणीला सांगून लिहून घेतला. त्याला सव्वा महिना लागला. पूर्वी असता तर मी तो एका रात्रीत संपवला असता. आता रोज संध्याकाळी अर्धे पान झाले की पेन खाली ठेवते आणि उरलेले वाक्य उद्यासाठी मनात राखून ठेवते.